भुईकाट्यावरची आत्या

माणूस दारात उभं राहिलं की आत्या आधी त्याचं वजन सांगायची आणि मग 'ये, बस' म्हणायची. "एकसष्ट. दिवाळीला अठ्ठावन्न हुतीस." एवढं झालं की पाण्याचा तांब्या पुढे यायचा. लग्नाकार्यात तिच्या या सवयीमुळे फार पंचाईत व्हायची. एकदा नव्या नवरीला ओवाळताना ती "बावन्न, शालूसकट" असं पुटपुटली आणि ते नेमकं वरमाईने ऐकलं. सुदुंबऱ्याच्या आमच्या एका चुलतीने तर आत्या आली की स्वयंपाकघरातून बाहेर यायचंच सोडलं होतं. आत्याचा अंदाज पाव किलोच्या आत बरोबर असायचा, ही त्यातली खरी अडचण होती.

याला कारण तिची नोकरी. आंबीजवळ कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती भुईकाट्यावर होती. भुईकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला, अख्खा ट्रक मोजायचा काटा. गाडी आधी रिकामी मोजायची, मग भरलेली. दोन्हींतला फरक म्हणजे माल. तिथं पूर्वी तिचे यजमान होते. ते अचानक गेले तेव्हा मालकाने "महिनाभर बसा, मग बघू" म्हणून तिला त्यांच्या खुर्चीवर बसवलं. त्या महिन्याची अठरा वर्षं झाली. नंतर बघायला कोणी आलंच नाही आणि आत्यानेही कोणाला आठवण करून दिली नाही.

ट्रकवाले तिला मौसी म्हणायचे आणि टरकून असायचे. भुईकाट्यावर फसवण्याचे प्रकार ठरलेले असतात. मागचं एक चाक हळूच काट्याच्या बाहेर ठेवायचं, रिकामी गाडी मोजताना ड्रायव्हरने खाली उतरायचं आणि भरलेली मोजताना आत बसून राहायचं. आत्या आकडा बघायच्या आधी काट्याच्या केबिनमधून बाहेर यायची, गाडीभोवती एक फेरी मारायची आणि मग बटण दाबायची. "जाताना उतरला हुतास ना? आता बी उतर." एका ड्रायव्हरने तिच्याशी हुज्जत घातली होती. "मौसी, सत्तर किलो का आदमी, क्या फरक पडता है?" आत्याने त्याला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "पंचाहत्तर."

मी तिच्या घरी राहायला आले ती माझी आई गेल्यावर. दहावीचं वर्ष होतं. वडील शेतावर जायचे, यायचे, जेवायचे; घरात बोलणं असं उरलंच नव्हतं. भेटायला येणारे सगळे माझ्या डोक्यावरून हात फिरवून जायचे. आत्या आली, उंबऱ्यातच थांबली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "भाऊ, पोरीचे चार किलो गेलेत. तुला दिसलं न्हाई व्हय? हिला मी नेते." दुसरं काही बोलणं झालं नाही. माझ्या दुःखाची कोणीतरी नीट दखल घेतली असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

काट्याच्या मागे दोन खोल्यांचं घर होतं. ट्रक काट्यावर चढला की फडताळातली भांडी वाजायची. घरात आत्या आणि तिची मुलगी पमी, आता तिसरी मी. पमी माझ्याहून चार वर्षांनी लहान. अंगाने काटक, बोलायला फटकळ, आणि हट्टी म्हणाल तर आईच्या वरताण. तळेगावच्या शाळेत एक सर ज्युदो शिकवायचे, त्यांच्याकडे ती जाऊ लागली होती. पांढरा जाड डगला, कमरेला पट्टा, आणि समोरचीला धरून पाठीवर आपटायचं, असा तो खेळ. सरावाला घरी समोरची म्हणजे मी. आत्या जमिनीवर चार गोधड्या अंथरायची आणि पमी मला त्यांच्यावर पाडायची. कॉलेजची तीन वर्षं मी अशी पडून काढली. "डोकं सांभाळून पाड गं, तिला परीक्षा हाय," एवढीच आत्याची सूचना असायची.

पण पमीची खरीखुरी लढत आत्याने कधी पाहिली नव्हती. स्पर्धा रविवारी असायच्या आणि रविवारी काटा सुरू असायचा. तिच्या जागी बसायला दुसरं माणूस नव्हतं. पमी बिल्ला घेऊन यायची, तो आत्या हातात घेऊन उलटसुलट करून बघायची. "पोरगी लढती कशी, ते एकदा बघायचं हाय मला," ती म्हणायची. "हितं गोधडीवर न्हाई. तितं, माणसांत." हे ती इतक्या वेळा म्हणाली असेल की आम्ही ऐकेनासे झालो होतो. आयुष्यात तिने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

पमी सोळा वर्षांची असताना तळेगावातच एका मंगल कार्यालयात तालुक्याची स्पर्धा ठरली. ज्युदोत गट वजनावर असतात. सकाळी प्रत्येक खेळाडूचं वजन होतं आणि गटाच्या मर्यादेपेक्षा एक ग्रॅमही जास्त भरलं तर खेळता येत नाही. मुलींच्या वजनाला बाईमाणूस लागतं. सरांना आत्याची आठवण झाली. "तुमच्याइतकी काट्याची सवय कोणाला आहे?" आत्याला ड्यूटीपेक्षा त्या हॉलमध्ये दिवसभर बसायला मिळणार याचाच आनंद झाला. तिने मालकाकडे जन्मात पहिल्यांदा रजा मागितली. मालक इतका चकित झाला की स्वतः काट्यावर बसायला कबूल झाला.

त्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने निघालो तेव्हा आत्याच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं वीस किलोचं लोखंडी वजन होतं, सरकारी शिक्क्याचं. तिथला काटा खरा आहे की नाही हे तपासल्याशिवाय ती कोणाला त्यावर उभं करणार नव्हती. रिक्षावाल्याने विचारलं, "काय मावशी, बॉम्ब हाय का?" पमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघायच्या आधी घरात जे घडलं ते मात्र मी आजही विसरू शकत नाही. पमीचा गट चव्वेचाळीस किलोचा होता. आदल्या रात्री ती जेवली नव्हती, सकाळी पाणीसुद्धा घ्यायला तयार नव्हती. आमच्या घरात माणसांसाठी निराळा काटा नव्हता. आत्या असताना त्याची गरज काय? आत्याने पमीला दारातल्या उजेडात उभं केलं, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, "त्रेचाळीस साडेसातशे. वाळलीयस नुसती. अजून जागा हाय, उपाशी लढू नको." मग तिने तिच्या हातावर दही-साखर ठेवली, वर एक भाकरी आणि वाटीभर दूध दिलं. पमी खाऊ का नको करत होती. मीच म्हटलं, "खा गं, आत्याचा अंदाज कधी चुकलाय का?"

मंगल कार्यालयातल्या वधूच्या खोलीत वजनं सुरू झाली. आत्याने लोखंडी वजन ठेवून काटा दोनदा तपासला. ती आकडा वाचायची आणि शेजारी बसलेल्या एक शिक्षिका तो लिहून घ्यायच्या. पोरी एकेक करून येत होत्या. कामशेतची एक मुलगी शंभर ग्रॅमने जास्त भरली. तिने धावून, घाम काढून बघितलं, पण तिच्या गटाच्या वेळेत उतरलं नाही. तिचं नाव कापलं गेलं. तिची आई दाराबाहेर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, ती उठली आणि पुन्हा तिथेच बसली.

मग पमी काट्यावर चढली. चव्वेचाळीस किलो दोनशे ग्रॅम.

आत्याने आकड्याकडे पाहिलं, मग पमीकडे. ज्या डोळ्याने इतकी वर्षं परक्या माणसांची वजनं बिनचूक सांगितली, तो पोटच्या पोरीला बघताना फसला होता. ती तिला बारीकच दिसत राहिली होती. कोणत्या आईला दिसत नाही? पण तिच्या आईने त्या अंदाजावर भाकरी वाढली होती.

पमीच्या गटाची वेळ संपायला चाळीस मिनिटं होती. पमीने माझा स्वेटर, स्वतःचा डगला आणि वर सरांचं जॅकेट चढवलं आणि कार्यालयाभोवती धावायला लागली. मी तिच्याबरोबर धावत होते आणि रडायचं टाळत होते. शेवटच्या पाच मिनिटांत तिने केसातला चाप काढला, नाकातली चमकी काढली, अंगावर ठेवता येईल तेवढंच ठेवून पुन्हा काट्यावर चढली. चव्वेचाळीस किलो पन्नास ग्रॅम. शेजारच्या शिक्षिका अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी चव्वेचाळीस लिहिते हं. पन्नास ग्रॅमचं काय एवढं?"

"चव्वेचाळीस पन्नास," आत्या म्हणाली.

"अहो, तुमचीच मुलगी आहे ना?"

"त्या कामशेतच्या बाईची बी मुलगीच हाय. ती बाहीर बसलीय अजून."

पमी काट्यावरून उतरली. ओरडली नाही. "आई, तूच खा म्हणालीस," एवढंच म्हणाली.

"व्हय. चुकले मी," आत्या म्हणाली. "पण काटा चुकला न्हाई, पमे."

मला आत्याचा फार राग आला. खरं सांगायचं तर थोडा अजून आहे. काटा बरोबर होता, कामशेतची बाई बरोबर होती, सगळं बरोबर होतं. पण पमी दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिच्या पोटात तिच्या आईने वाढलेली भाकरी होती. कपडे करून ती बाहेर आली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली. "यापुढे माझ्या कुठल्याही मॅचला यायचं नाहीस तू. कधीच नाही." आत्याने मान डोलावली. मी पमीला घेऊन घरी आले. आत्या मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच होती, कारण ड्यूटी दिवसभराची होती. ज्या स्पर्धेसाठी तिने पहिली रजा काढली, तिथं बसून तिने दुसऱ्यांच्या मुली बघितल्या. सात वाजता रिक्षातून उतरली आणि ते वीस किलोचं वजन एकटीने उचलून केबिनमध्ये ठेवून आली. मी मदतीला गेले नाही.

त्या दिवसानंतर आत्याने कोणाचंही वजन नजरेने सांगितलं नाही. पाहुणे दारात आले की "या" म्हणायची आणि बाजूला व्हायची. सुदुंबऱ्याच्या चुलतीने स्वतःहून विचारलं, "वन्सं, माझं सांगा की किती झालं?" तर म्हणाली, "दवाखान्यात काटा आसतो." ट्रक काट्यावर चढत राहिले, ती फेरी मारत राहिली, पावत्या देत राहिली. घरात मायलेकींचं बोलणं थांबलं नव्हतं. भाजी काय करू, वीज कधी आली, डब्याला झाकण कुठलं, हे सगळं चालायचं. ज्युदोचा विषय तेवढा दोघी टाळायच्या; दोन खोल्यांत एखादी खाट मध्येच ठेवलेली असावी, तसा त्याला वळसा घालून चालायच्या.

मग बघायला मी जायचे. पमीने मला बंदी घातली नव्हती. मी वडगावला गेले, देहूरोडला गेले, एकदा पार बारामतीला गेले. परत आल्यावर आत्या मला केबिनमध्ये बोलावून घ्यायची आणि चौकशी करायची. "जिंकली का?" हे ती सर्वांत शेवटी विचारायची. आधी असायचं, "पडली का? कशी पडली? उठाया किती येळ लावला? समोरची उठली तवा हिनं हात दिला का?" मी एकदा मोबाईलवर पमीची सगळी लढत टिपून आणली होती. फोन पुढे केला तर आत्याने हात मागे घेतले. "तिनं न्हाई म्हणलंय न्हवं? आसं चोरून कशाला बघायचं? ती दावंल तवा बघंन." मी म्हटलं, अगं, तिला कळणार कसं? त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन पर्समध्ये टाकला.

अशी तीन वर्षं गेली. माझं लग्न ठरलं, नाशिकचं स्थळ होतं. आनंद होता, पण एक गोष्ट मनाला लागून राहिली. मी गेल्यावर आत्याला पमीची बातमी कोण आणून देणार? एवढं एक माणूस तिच्या आणि पमीच्या मध्ये होतं, तेही चाललं. लग्नाआधी शेवटची स्पर्धा लोणावळ्याला होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. पमी आदल्या दिवशीच सरांबरोबर गेली होती. शनिवारी रात्रीचं जेवण झालं आणि मी आत्याला सांगून टाकलं, "पमी म्हणाली, उद्या आईला घेऊन ये." पमी असं काही म्हणाली नव्हती. मला वाटलं, एकदा समोरासमोर आल्या की राग विरघळेल. आपल्याला वाटतं तसं माणसांचं व्हावं, असा माझा तेव्हाही हट्ट असायचा.

 आत्याने उठून ट्रंक उघडली आणि माझ्या लग्नात नेसायची म्हणून ठेवलेली हिरवी साडी काढली. सकाळी मालकाला फोन करून सांगितलं, "आज तुमी बसा. पोरीची कुस्ती हाय." मी म्हटलं, "आत्या, ज्युदो." "तेच ते," ती म्हणाली. लोणावळ्याच्या लोकलमध्ये ती खिडकीशी बसली. मळवलीला लोहगडावर जाणारी तरणी पोरं-पोरी उतरली, त्यांचा गलका ती हसून बघत राहिली. इतकी मोकळी मी तिला तीन वर्षांत पाहिली नव्हती. मी मात्र तिच्याकडे बघणं टाळत होते.

शाळेच्या फाटकातून आत गेलो. हॉलचं दार समोर होतं, आतून शिट्ट्या आणि टाळ्या ऐकू येत होत्या. दहा पावलं राहिली असतील, आणि आत्या थांबली.

"काय म्हणली ती? तिचंच शब्द सांग."

"सांगितलं ना तुला. आईला घेऊन ये म्हणाली."

"आई म्हणली का दुसरं काय?"

पमी दुसऱ्यांशी बोलताना तिच्या आईला 'आमची म्हातारी' म्हणायची, प्रेमाने की रागाने ते तिचं तिलाच ठाऊक. मला ते त्या क्षणी आठवेना. "आईच म्हणाली," मी फाटकाकडे बघत म्हटलं. आत्याने माझा दंड हलकेच दाबला. रागावली नाही. "तू माझ्यासाठी बोललीस," ती म्हणाली. "पण तिनं बोलवलं न्हाई. मी हितंच बसते."

हॉलच्या बाजूच्या भिंतीला लागून दगडी कट्टा होता आणि त्याच्या वर उंचावर खिडक्या. आत्या तिथं पदर डोक्यावर घेऊन बसली. "तू जा. तिला कळू देऊ नको मी आल्येली. आज न्हाई, कवाच न्हाई. शपत हाय तुला." मी परत जाऊ या म्हटलं. ती म्हणाली, "आल्ये ती आल्ये. हितनं ऐकू तर यील."

मी आत-बाहेर करत राहिले. पमीची पहिली लढत संपली तशी धावत बाहेर आले, तर आत्या म्हणाली, "जितली. आदळली ती जड हुती. एक्कावन्न तरी आसंल. आपली एवढी वाजत न्हाई." तीन वर्षांनी मी तिच्या तोंडून आकडा ऐकला. दुसऱ्या लढतीनंतर बाहेर आले तेव्हाही तिला कळलं होतं. ती डोळे मिटून, डोकं भिंतीला टेकवून बसली होती. शाळेचा शिपाई दोनदा येऊन विचारून गेला होता, मावशी, बरं वाटत नाही का. तिने त्याला सांगितलं होतं, "लय बरं वाटतंय."

अंतिम लढत पुण्याच्या एका उंच मुलीशी होती. पमी सुरुवातीला पुढे होती, मग त्या मुलीने तिला कमरेवर घेऊन सरळ पाठीवर टाकलं. पूर्ण गुण, खेळ तिथंच संपला. मी बाहेर आले तेव्हा आत्या उभी होती, हात भिंतीवर सपाट ठेवून.

"पडली," ती म्हणाली.

"हो. पण दुसरी आली गं."

"लगीच उठली न्हवं? मला पाय वाजल्यालं ऐकू आलं."

मी म्हटलं, हो, लगेच उठली, हातही मिळवला. आत्याने पदराने तोंड पुसलं. "मग चल. ती बाहीर यायच्या आत निघू." आम्ही दोघी चोरासारख्या फाटकातून निसटलो. संध्याकाळी पमी घरी आली, रुपेरी बिल्ला फळीवर ठेवला. आत्या भाकरी थापत होती. "कसं झालं?" तिने पाठमोरीच विचारलं. "ठीक," पमी म्हणाली. "वाढू का?" "वाढ." मी दोघींच्या मध्ये बसून जेवले. 

मी नाशिकला गेले. पुढच्या वर्षी पमी पोलिसात लागली आणि तिची नेमणूक दूर विदर्भात झाली. काट्यामागच्या दोन खोल्यांत आत्या एकटी उरली. मी फोन करायचे, तेव्हा मागे ट्रकचा आवाज असायचा आणि ती मध्येच म्हणायची, "थांब, गाडी चढलीय." मग मी फोन कानाला लावून थांबायचे. जेवलीस का म्हटलं तर व्हय म्हणायची. काय जेवलीस म्हटलं तर गाडी चढायची. "ये की नाशिकला" म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "काट्यावर कोण बसंल?" तिच्याजवळ राहायला कोणीतरी हवं होतं. पमी आणि मी, दोघीही ते समजत होतो आणि दोघीही लांब होतो.

गेल्या हिवाळ्यात ती केबिनमध्येच गेली. सकाळची वेळ होती. एका ड्रायव्हरने बराच वेळ हॉर्न वाजवला, मग उतरून आत डोकावला. त्याच्या गाडीची पावती छापून झाली होती आणि ती तिच्या हातात होती.

इंद्रायणीवर दहावा झाला. पाहुणे गेले. पमी आणि मी मागच्या खोलीत आत्याच्या साड्यांच्या घड्या घालत होतो. पमीने केस बारीक कापलेत आता, अंगाने भरली आहे, आवाजात वर्दीची जरब आली आहे. हिरवी साडी हातात आली तशी ती थांबली.

"एक सांगू? मी तेव्हा रागाने बोलले होते गं. सोळा वर्षांची होते. मला वाटलं होतं, ही कुठली ऐकतेय, येईलच पुढच्या वेळी. मॅटवर पाय ठेवायच्या आधी मी दर वेळी दाराकडे बघायचे. तू दिसायचीस. तुझ्यामागे कोणी नसायचं." तिने साडीची घडी पुन्हा मोडली. "एकदाही आली नाही ती. एकदा तरी यायचं होतं तिनं."

मला शपथ आठवली. शपथ घालणारी आता नव्हती, पण त्यामुळे ती सुटली असं मला वाटलं नाही. तरी मी ती मोडली. लोणावळ्याचं सगळं सांगितलं: माझं खोटं, कट्टा, भिंतीला टेकवलेलं डोकं, आणि ती पडली ते तिच्या आईला भिंतीपलीकडून कसं कळलं ते. पमी ऐकत होती.  माझं सांगून झाल्यावर ती साडीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिली.

"त्या कट्ट्यावर सावली होती का गं?" तिने विचारलं.

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नव्हती," मी म्हटलं.